अडथळा, पानं दोनशे बारा

हार्लनने पुस्तक लिहिलं. विषय एकच:
बेसबॉलमध्ये पळणाऱ्याला आडवं कोण आलं,
चुकून आलं की मुद्दाम,
आणि पंचाने हात कधी वर करायचा.
पानं दोनशे बारा.
बारा वर्षं जेवणाच्या टेबलाचा निम्मा भाग
त्याच्या कात्रणांखाली गेला.
उरलेल्या निम्म्यावर मी दोन मुली वाढवल्या.

आता फेब्रुवारी. खिडकीबाहेर कमरेएवढा बर्फ,
आमच्या मधे कॅल्क्युलेटर.
छपाई, तीनशे प्रतींची: एकीला नऊ डॉलर ऐंशी सेंट.
मी म्हटलं, एकोणचाळीस लाव.
तो म्हणाला, बारा.
म्हटलं, मग बाराच्या भावातच जाईल.

डॉक्टरांची पुस्तकं बघ, दोनशे दोनशेला विकतात.
"डॉक्टर ते पेशंटकडून काढतो," हार्लन म्हणाला.
"आमच्या पंचाने कुणाकडून काढायचं?
पोरांच्या एका सामन्याचे चाळीस.
त्यातून पेट्रोल, त्यातून एक सँडविच.
शिव्या तेवढ्या फुकट."

मी अठ्ठावीस वर्षं धान्याच्या कोठारावर हिशेब लिहिला,
मक्याचा भाव शिकागोत ठरतो हे मला पाठ आहे.
याचा भाव ठरवायला शिकागोत कोण बसलंय?
ज्यांना हे हवं असे लोक
साऱ्या आयोवात मिळून एका बसमध्ये मावतील,
आणि त्यातले निम्मे म्हणतील, नियम आम्हाला येतात.
ज्यांना येत नाहीत, तेही हेच म्हणतील.

शेवटी चोवीस. ना त्याचं, ना माझं.

मार्चच्या बैठकीत, चर्चच्या तळघरात,
कॉफीच्या किटलीशेजारी मी गठ्ठा मांडला.
ग्लेन टेर हॉर्स्टने पुस्तक हातावर तोललं,
मटण घेताना तोलावं तसं.
"चोवीस? आणि फक्त अडथळ्यावर?"
सॉफ्टबॉलला उभी राहणारी रोझलिन, दिवसा शाळेची बस चालवते,
तिने पाच-पाचच्या चुरगळलेल्या नोटा मोजल्या,
एक कमी पडली. हार्लनने तिकडे पाहिलंच नाही.
मी पाहिलं. वहीत लिहिलं: येणे, चार डॉलर.

सप्टेंबरपर्यंत गेल्या सत्त्याऐंशी.
दोनशे तेरा पाहुण्यांच्या खोलीत, पलंगाखाली.
पाहुणे आले की पाय ठेचकाळतात.
हा अडथळा चुकून की मुद्दाम,
ते पुस्तकात नाही.

मग रोझलिनची प्रत परत आली.
एकीने घेतली होती, आठ जणांनी वाचली होती.
मी मनात आठ गुणिले चोवीस केलं
आणि माझा दिवस तिथेच नासला.
हार्लन मात्र पानं उलटत बसला:
समासात आठ हस्ताक्षरं, एका पानावर केचप,
कुणीतरी पेन्सिलीने "अरे देवा, हे माझंच झालं होतं".
आणि पान एकशे चाळीस, हिरव्या शाईत,
गोल, शाळकरी अक्षर:
'पळणारा मागे फिरला असेल तरी अडथळाच धरायचा. इथे चुकलंय.'

एकतीस वर्षांत त्याने दिलेला निर्णय फिरवलेला
मी पाहिला नाही. घरात तर नाहीच.
तो उठला, बाहेर जाऊन गाडीत बसला.
गाडी सुरू केली नाही.
आत आला तेव्हा नियमपुस्तिका काखेत होती,
आणि जेवणाच्या ताटासमोर, माझ्याकडे बघत,
त्याने उजवी मूठ वर केली.
आऊट.
स्वतःला.

"कोण आहे हा?"
रोझलिनला फोन. सोळा वर्षांची पोरगी निघाली,
मे महिन्यापासून पोरांचे सामने करते.

रविवारी तो चिठ्ठ्या छापत बसला, बोटाएवढ्या:
पान एकशे चाळीस, ओळ अकरा, असं वाचावं.
सत्त्याऐंशी पाकिटं. मी पत्ते लिहिले,
तिकिटं त्याने जिभेने ओली करायला घेतली,
हल्ली ती आपोआप चिकटतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
मीही बराच वेळ सांगितलं नाही.

म्हटलं, निदान दुसऱ्या आवृत्तीला
भाव वाढवू या, आता ते बरोबर तरी आहे.
तो म्हणाला, कमी करू या, आधी ते चूक होतं.

वहीत नोंद केली: टपाल,
सत्त्याऐंशी गुणिले त्र्याहत्तर सेंट,
त्रेसष्ट डॉलर एक्कावन्न.
रोझलिनचे चार अजून येणे आहेत.
त्यावर रेघ मारायला पेन उचललं होतं,
पण ते हिशेबात बसत नाही.